मदत हवी आहे: जावात रुपये-पैसे कोणत्या डेटा टाइपमध्ये ठेवायचे?

नमस्कार मंडळी. गावच्या दूध संकलन केंद्रासाठी जावात छोटा प्रोग्रॅम लिहितोय. फॅटप्रमाणे दर, गुणिले लिटर, आणि दर दहा दिवसांनी बिल. काम एवढंच, पण व्हेरिएबल (प्रोग्रॅममधली आकडा ठेवायची जागा) कोणत्या टाइपचं घ्यायचं इथेच गाडी अडली आहे.

डबल (दशांश आकड्यांचा टाइप) घेतलं तर पैशांचा भरवसा नाही. ०.१ + ०.२ छापायला सांगितलं की ०.३०००००००००००००००४ येतं. ०.१ बायनरीत (संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत) नेमका बसत नाही हे कळलं, पण दूध घालणाऱ्याला ते कसं पटवणार?

मग सगळं पैशांत मोजून लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकांचा टाइप) ठेवावं म्हटलं. दर ३६.७५ रुपये, म्हणजे ३६७५ पैसे. ठीक. पण दूध ७.३ लिटर भरलं की गुणाकार २६८२७.५ पैसे. हा अर्धा पैसा रोजच्या नोंदीला राउंड करायचा की दहा दिवसांच्या बेरजेला? पावत्यांची बेरीज आणि बिल जुळलं नाही, तर केंद्रावर भांडणं ठरलेली.

एक मित्र म्हणतो, डोळे झाकून बिगडेसिमल (दशांश आकडे नेमके ठेवणारा जावाचा टाइप) वापर. त्यात आकडा स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्यावा लागतो, नाहीतर डबलमधली चूक तशीच आत येते, हे करून पाहिलं. पण एवढ्याशा कामाला ते जड नाही का होणार?

जाता जाता अजून एक. लाँग व्हेरिएबलमध्ये ५०००० * ५०००० ठेवलं तर उत्तर −१७९४९६७२९६! एका आकड्यापुढे 'एल' (म्हणजे हा आकडा लाँग समजावा) लावला की बरोबर येतं. म्हणजे गुणाकार आधी इंटमध्येच (लाँगपेक्षा लहान पूर्णांकांचा टाइप) होतो आणि उत्तर त्यात मावत नाही, असंच ना?