आफ्रिकेतलं चर्च 'आफ्रिकन' केलं कुणी? मिशनऱ्यांनी ठरवून की लोकांनी आपलं आपण?

अरुशावाला

नमस्कार मंडळी. कामानिमित्त दोनेक वर्षं टांझानियात, अरुशाला आहे. मी ख्रिश्चन नाही, धार्मिक वगैरेही फारसा नाही, पण शेजारच्या मामा (इथे लेकुरवाळ्या बाईला 'मामा' म्हणायचं, पुढे मुलाचं नाव) दर शनिवारी विचारायच्या, उद्या येतोस का चर्चला, शेवटी नाही म्हणायची लाज वाटायला लागली म्हणून एकदा गेलो त्यांच्या लुथरन चर्चमध्ये.

डोक्यात चित्र होतं बाकं, ऑर्गन, पांढरा झगा आणि हळू आवाजातली प्रार्थना. बाकं होती, झगाही होता. बाकी सगळं भलतंच. एकामागून एक चार क्वाया झाले (क्वाया म्हणजे गाणारा ग्रुप, बायकांचा वेगळा, पोरांचा वेगळा), त्यातल्या मासाई बायका गळ्यात ते मण्यांचे ताटलीएवढे हार घालून खांदे असे उडवत होत्या की हार छातीवर आपटून त्याचाच ठेका धरला जात होता. पाद्रीबुवांना इथे 'म्चुंगाजी' म्हणतात, म्हणजे शब्दशः गुरं राखणारा. ते स्वाहिलीत बोलता बोलता मध्येच मासाई भाषेत घुसले आणि देवाला 'एन्काई' म्हणाले. आमच्या साईटवरचा वॉचमन चर्चची पायरीही चढत नाही, तो पाऊस आला की हात वर करून नेमकं हेच म्हणतो!

आणि शेवटी लिलाव. ज्यांच्याकडे रोख पैसे नसतात ते अर्पण म्हणून अंडी, कोंबडी, ऊस, केळ्यांचा घड असं घेऊन येतात. प्रार्थना संपली की सगळे बाहेर अंगणात, आणि एक जण एकेक वस्तू उचलून बोली पुकारतो. म्नाडा म्हणतात याला. सहा अंडी बाजारभावाच्या चौपटीला गेली आणि ज्यानं घेतली त्यानं ती तिथल्या तिथे एका म्हातारीला देऊन टाकली.

तर प्रश्न असा की हे सगळं कुणी बसवलं? युरोपातून आलेल्या लोकांनी 'इथे असं केलं तरच चालेल' म्हणून डोकं लावलं, की ते गेल्यावर लोकांनी हवं तसं करून घेतलं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. धर्मांतर चांगलं की वाईट हा वाद कृपया इथे नको, त्याचे धागे भरपूर आहेत.

तळटीप

मस्त धागा. आणि तुम्ही बसलायत ती जागाच या विषयातली गाजलेली. अरुशाहून ङोरोङोरोच्या पलीकडे, केनियाच्या सीमेला लागून लोलिओन्डो आहे, तिथे व्हिन्सेंट डोनोव्हन नावाचा अमेरिकन कॅथलिक पाद्री होता. मिशनची शाळा, दवाखाना, गाड्या सगळं व्यवस्थित चालू. मासाई शाळेत पोरं धाडत, दवाखान्यात औषध घेत, पाद्र्याशी गप्पाही मारत. पण बाप्तिस्मा घेऊन चर्चला येणारा मोठा माणूस एकही नाही. मे १९६६ मध्ये त्यानं बिशपला पत्र लिहिलं की हे सगळं बाजूला ठेवतो आणि नुसता त्यांच्या वस्तीवर जाऊन देवाविषयी बोलतो.

मग आठवड्यातून एकदा, पहाटे, गुरं चरायला सुटायच्या आत वस्तीवर हजर. असं वर्षभर. वर्षाच्या शेवटी हा गडी यादी करायला बसला, हा म्हातारा फार वेळा गैरहजर होता, त्या बाईला काही कळलेलं नाही, तो गुराखी कायम बाहेर, यांना बाप्तिस्मा नाही. तर तिथला एक वडीलधारा, एन्दांगोया, त्यानं त्याला तिथेच थांबवलं. म्हणाला, आमच्यात आळशी आहेत त्यांना उद्योगी लोकांनी सांभाळून घेतलंय, मंद आहेत त्यांना हुशारांनी समजावलंय, तू आम्हाला फोडतोयस कशाला? आम्ही सगळे मिळून विश्वास ठेवतो असं मी म्हणतोय. पाद्री गप. अख्ख्या वस्तीला बाप्तिस्मा दिला. दुसऱ्या एका वस्तीनं वर्षभर सगळं शांतपणे ऐकून घेऊन 'नको' असंही सांगितलं, तेही त्यानं ऐकलं, उगाच पिच्छा पुरवला नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट गवताची. मासाईंमध्ये मूठभर हिरवं गवत उपटून पुढे करणं म्हणजे 'भांडण संपलं'. डोनोव्हनच्या प्रार्थनेच्या दिवशी ते गवत घरोघर, हातोहात फिरायचं, आणि कुणी घ्यायला नकार दिला, म्हणजे वस्तीत तंटा शिल्लक आहे, तर त्या दिवशी प्रार्थना रद्द! म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही. पाद्र्यानं दार उघडलं, आत काय ठेवायचं ते लोकांनी ठरवलं.

मंजिरी_के

डोनोव्हनची गोष्ट छानच आहे पण ती त्याच्याच तोंडून ऐकलेली आहे हे विसरू नका. तो १९७३ ला परत गेला. नंतर अभ्यासकांनी मासाई भागात जाऊन पाहिलं तर चर्चमध्ये बसलेल्या कोण, तर बायका! या मिशनऱ्यांचा सगळा भर पुरुषांवर होता, आधी शाळेतली मुलं, मग वस्तीवरचे वडीलधारे, पुरुष आले की बायका मागोमाग येतीलच हा हिशोब. झालं उलटं. पुरुष बरेचसे बाहेर राहिले आणि बायका नवऱ्यांच्या शिव्या खाऊन येत राहिल्या.

आणि त्याचं कारण त्या 'एन्काई' शब्दातच आहे. मासाई भाषेत तो शब्द स्त्रीलिंगी, आणि त्याचाच अर्थ आकाश, त्याचाच अर्थ पाऊस. सकाळी धार काढली की थोडं दूध शिंपडून एन्काईला हाक मारायची हे काम घरातल्या बाईचंच. म्हणजे देवाशी रोजचा व्यवहार आधीपासून त्यांच्याच हातात होता, पुरुषांच्या हातात गुरं आणि पंचायत. चर्चमध्ये त्यांना आठवड्यातून एक दिवस सगळ्या मिळून बसायची, गायची, घरातलं दुखणं बोलायची जागा मिळाली, नवऱ्याची परवानगी लागली तरी कारण देवाचं. हे कुठल्या मिशनच्या प्लॅनमध्ये नव्हतं. अरुशावाला, तुमच्या क्वायात पुरुष किती आणि बायका किती ते मोजून सांगा बरं.

जुनाजाणता

मंजिरीताईंना +१. मिशनरी मिशनरी करत बसलो की मूळ माणसं राहून जातात.

विल्यम वेड हॅरिस घ्या. लायबेरियातला ग्रेबो जमातीचा माणूस, १९१३ ला चालत निघाला आणि आयव्हरी कोस्टमध्ये शिरला. अंगात पांढरा झगा, हातात बांबूचा क्रूस, सोबत भोपळ्याचे खुळखुळे वाजवत गाणाऱ्या बायका. वर्ष दीड वर्षात लाखाच्या वर लोकांना बाप्तिस्मा दिला. फ्रेंच सरकार घाबरलं, त्याला हाकललं. पण त्यानं केलं काय बघा. मिशनचे लोक म्हणायचे आधी दोन वर्षं शीक, परीक्षा दे, मग बाप्तिस्मा. हा म्हणाला, माणसानं आपले ताईत आणि देवक आज जाळले तर आज रात्री त्याचं रक्षण कोण करणार? म्हणून जाळल्याबरोबर लगेच पाणी. ही खरी गरज ओळखणं. ज्याला करणी-चेटकाची भीती कधी वाटलीच नाही त्या युरोपियन माणसाला हे सुचणं शक्यच नव्हतं. आणि कुणाला लग्नाच्या बायका किती आहेत हेही त्यानं विचारलं नाही. १९२४ ला मेथडिस्ट मिशनरी तिथे पोचले तर हजारो लोक वाट बघत बसलेले.

आता उलटी गोष्ट. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचं घाना. एफ्राइम आमू, संगीत शिक्षक, अक्रोपोंगच्या चर्चच्या ट्रेनिंग कॉलेजात. त्यानं ठरवलं की कोट-टाय बंद, आपलं खांद्यावरून घ्यायचं कापड नेसूनच उपदेश करायचा, आणि गाणी आपल्या चालीत, आपल्या वाद्यांवर. १९३३ ला नोकरी गेली. चर्चमधले आपलेच लोक नाराज होते हे लक्षात घ्या, गोरे एकटे नाहीत. आज तिकडे त्याच्या रचना शाळेत शिकवतात.

संगीतावरून अवांतर: नायजेरियातल्या योरुबा भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. 'ओको' एका सुरात नवरा, दुसऱ्या सुरात कुदळ, तिसऱ्यात गाडी. त्यावर इंग्लंडमधल्या चाली जशाच्या तशा चिकटवल्या की शब्द वर आणि चाल खाली, भजन म्हणता म्हणता भलतंच काहीतरी म्हटलं जातं. आणि माणसं कित्येक वर्षं ते गंभीर चेहऱ्यानं म्हणत होती.

शंकासुर

सगळे फारच गोड बोलतायत म्हणून थोडं मीठ टाकतो.

योरुबाचा विषय निघालाच आहे तर भाषांतराचंच बघा. देवासाठी 'ओलोरुन' म्हणजे आकाशाचा धनी हा त्यांचाच शब्द घेतला, ठीक. सैतानासाठी काय घेतलं? 'एशू'. आता एशू हा त्यांच्या देवांमधला निरोप्या, चौकात बसणारा, खोड्या काढणारा, माणसाचा नैवेद्य वरपर्यंत पोचवणारा. एका शब्दात त्याला नरकात बसवलं. याला जुळवून घेणं म्हणायचं?

दुसरं, १९२९ चं केनिया. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशननं किकुयू लोकांना सांगितलं, मुलींची सुंता सोडल्याचं लिहून द्या नाहीतर चर्च आणि शाळा बंद. लोकांनी चर्च सोडलं, आपल्या स्वतंत्र शाळा काढल्या, मिशनऱ्यांची टर उडवणारी गाणी गावोगाव म्हटली, सरकारला त्या गाण्यांवर बंदी घालावी लागली. आता यात मजा अशी की मुलींच्या शरीराच्या बाजूनं बघितलं तर मिशनचं म्हणणं बरोबरच होतं. म्हणजे 'स्थानिक आहे ना, मग घ्या जसंच्या तसं' हेही चालत नाही. आणि धमकी देऊन तर अजिबातच नाही. तिथल्याच थाराका भागात १९९६ पासून बायकांनी दुसरी वाट काढली, मुलींना आठवडाभर वेगळं बसवायचं, शिकवायचं, शेवटी नाच, भेटवस्तू, जेवण, सगळं तेच, फक्त ब्लेड नाही. नावच 'शब्दांनी सुंता'. साठ-सत्तर वर्षं आधी कुणाला का सुचलं नाही?

तळटीप

शंकासुर, मुद्दा मान्य. उशीर हा या विषयातला कायमचा रोग आहे. अनेक बायका असलेल्या माणसाचंच घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचा बिशप कोलेन्सो १८५० च्या दशकातच म्हणत होता की बायका सोडायला लावू नका, त्या बिचाऱ्या पोराबाळांसकट जाणार कुठे? १८८८ च्या लँबेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी ठरवलं, अशा पुरुषाला बाप्तिस्मा नाही. मग १९८८ च्या परिषदेत ठरलं की द्यावा, आहेत त्या बायका सोडायची सक्ती नको, फक्त नवीन करणार नाही असं वचन घ्या. मोजून शंभर वर्षं! मधल्या काळात किती जणींना 'धर्मासाठी' घराबाहेर काढलं असेल.

पण जुनाजाणता, 'आपला माणूस म्हणजे आपली संस्कृती' हेही इतकं सरळ नाही हं. काँगोतल्या सिमोन किंबांगु या प्रेषिताला बेल्जियन सरकारनं १९२१ मध्ये फाशी सुनावली, राजानं ती जन्मठेप केली, तीस वर्षं तुरुंगात काढून तो १९५१ ला तिथेच गेला. आफ्रिकन प्रेषित म्हणजे ढोल, नाच असं वाटेल, पण ढोल, नाच आणि अनेक बायका यांच्या विरोधात तो स्वतःच होता! आणि त्याच देशात रोमनं १९८८ ला मंजूर केलेल्या झाईरच्या (काँगोचं तेव्हाचं नाव) कॅथलिक विधीत पाद्री नाचत वेदीपाशी येतात आणि संतांबरोबर पूर्वजांनाही हाक मारतात. किंबांगुच्या लोकांनी मात्र भाकरीलाच हात घातला. १९७१ पासून त्यांच्या प्रभुभोजनात (येशूच्या आठवणीत भाकरी-द्राक्षारस घ्यायचा विधी) गव्हाची भाकरी आणि द्राक्षारस नाही, बटाटा, मका, केळं घालून केलेला केक आणि मध घातलेलं पाणी. कॅथलिकांना ढोल चालतो, पण गहू आणि द्राक्ष सुटत नाही, दोन्ही बाहेरून आणावं लागलं तरी. कॅमेरूनचा झाँ-मार्क एला उत्तरेकडच्या बाजरी पिकवणाऱ्या गावांत राहिलेला पाद्री, त्यानं हेच विचारलं होतं, की ज्यांचं जगणं बाजरीवर आहे त्यांनी गव्हाची भाकरी कुठून आणायची? रोमचा नियम अजून तोच आहे.

अरुशावाला

बापरे, धाग्याचं सोनं झालं. सगळ्यांचे आभार.

मंजिरीताई, मोजले. मासाई क्वायात बायका एकोणीस, पुरुष दोन, त्यातला एक कीबोर्डवर. मामांना विचारलं की पुरुष कुठे असतात, तर म्हणाल्या गुरांपाशी, आणि हसल्या. मग 'हे कुणी सुरू केलं, गोऱ्या लोकांनी का' असंही विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही. कोणते गोरे? चर्च त्यांच्या आजीनं आणि तिच्या बहिणींनी माती मळून, डोक्यावरून पाणी वाहून बांधलं म्हणे, भिंत पुढे विटांची झाली एवढंच.

गवताचं वॉचमनला विचारलं. तो म्हणाला खरं आहे, पण कोरडं गवत चालत नाही, हिरवंच पाहिजे, आणि सध्या हिरवं आहे कुठे.

या रविवारी परत बोलावलंय. लिलावात मीही बोली लावू का? कोंबडी जिंकलो तर काय करायचं, घरी आणायची की कुणाला देऊन टाकायची? तिकडे राहिलेल्या कुणाला माहीत असेल तर शनिवारपर्यंत सांगा.