शब्दचर्चा : ‘सरासरी’ नेमकी कुणाची?

परवा पेपरात एकाच पानावर दोन बातम्या. वर ‘तालुक्याने पावसाची सरासरी ओलांडली’, खाली ‘दुबार पेरणीचे संकट’. शेजारचे काका म्हणाले, यातली एक थाप आहे. मला वाटतं दोन्ही खऱ्या असू शकतात, घोळ शब्दाचा आहे. म्हणून हा धागा.

‘सरासरी’ फारसी ‘सरासर’वरून आला. सरासर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपला ‘सर्रास’ त्याचाच भाऊ. हिंदीतला ‘औसत’ अरबी, त्याच्या मुळाशी आहे ‘मधला’. आणि इंग्रजांचा ‘ॲव्हरेज’ही फिरत फिरत अरबीपाशीच जातो, खराब झालेल्या मालापाशी. जहाज वाचवायला वादळात काही माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान सगळ्या व्यापाऱ्यांनी वाटून घ्यायचं, त्या वाटणीचा हा शब्द. म्हणजे एकाने सगळं सपाट पसरलं, दुसऱ्याने मधल्याला उभं केलं, तिसऱ्याने तोटा वाटला. शाळेत आपण मध्य (बेरजेला संख्येने भागून आलेला), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), बहुलक (सगळ्यांत जास्त वेळा येणारा) असे तीन वेगळे शब्द घोकतो आणि शाळा सुटली की तिन्हींना सरासरीच म्हणतो.

पावसाचं बघा. हवामान खात्याच्या हिशोबात जिल्ह्याचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या १९ टक्के खाली ते १९ टक्के वर असला, तरी तो ‘नॉर्मल’. सबंध देशाच्या मोसमी पावसासाठी हा पट्टा ९६ ते १०४ टक्के एवढाच, कारण मोठ्या प्रदेशावर कमीजास्त आपसात जिरून जातं. या ‘नॉर्मल’ला पेपरवाले कधी ‘सरासरीइतका’ म्हणतात, कधी ‘सामान्य’. पण पाऊस पडला कधी, हे या आकड्यात कुठेच नाही. देशाची चार महिन्यांची सरासरी आहे सुमारे ८७० मिलिमीटर (१९७१ ते २०२० या वर्षांवरून काढलेली). २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ पडला. एका दिवसात देशाचा अख्खा पावसाळा!

तर प्रश्न असा : मध्य, मध्यक, बहुलक या तीन अर्थांना बोलीत वेगळे शब्द आहेत का?

प्रतिसाद

वेगळे नाहीत, पण एक शेजारी आहे, ‘सुमार’. फारसी ‘शुमार’ म्हणजे मोजणी. त्यावरून खानेसुमारी, म्हणजे घरं-माणसं मोजणं. मोजता येईना तेव्हा बेसुमार. मोजलं पण नीट नाही, तर सुमारे. आणि कवितासंग्रह बरा नसला तर सुमार! मोजणीचा शब्द हिणवण्यापर्यंत कसा घसरला हे मला आजवर उलगडलेलं नाही. हल्ली क्रिकेटच्या बातम्यांत ‘सरासरी कामगिरी’ वाचतो, ते थेट इंग्रजीवरून उचललेलं. घरचा ‘सुमार’ असताना कशाला?

प्रतिसाद

आमच्याकडे सरासरीपेक्षा ‘पैसेवारी’ जास्त चालते. पूर्वीची आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. पुढे आण्यांचे पैसे झाले, पण शब्दाची वारी सुटली नाही. पैसेवारी ५० पैशांच्या वर की खाली, यावर दुष्काळी सवलतींचं गणित वर्षानुवर्षं फिरत आलंय. आधी ‘नजर अंदाज’, मग सुधारित, शेवटी अंतिम. एकदा हिंदी मुलखातल्या पाहुण्याला सांगितलं की सरकारने पिकाचा नजर अंदाज केला, तर तो हळहळला. त्यांच्याकडे नजरअंदाज करणं म्हणजे दुर्लक्ष करणं. (आमच्या वडिलांच्या मते दोन्ही अर्थ बरोबर आहेत.)

पण खरी मजा उत्पन्न मोजायच्या पीक कापणी प्रयोगात. शेत चिठ्ठीने निवडतात, शेतातली जागाही आकड्यांवरून ठरते. ‘यादृच्छिक’ हा अवघड शब्द त्याचा. वडील म्हणायचे, तिकडचा ज्वारीचा पट्टा सोडून साहेब नेमके मुरमाडात कसे जातात? तिथे खुंट्या ठोकून दोरी ताणतात, आतलं पीक कापून, मळून तोलतात. लहानपणी मी दोरीचं एक टोक धरलं होतं. ज्वारीचं ताट बरोबर दोरीवर आलं की वाद : आत की बाहेर? मजूर हमखास आत ओढायचा. एवढं चांगलं कणीस टाकायचं कसं?

पुढे कळलं की याच काठावरच्या ताटांवर मोठे विद्वान भांडले होते. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान लहान तुकडे कापून अंदाज काढत. साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे तेव्हा दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगतं. हिशोब सोपा आहे. १० बाय ५ मीटरच्या तुकड्याला ५० चौरस मीटरमागे ३० मीटर काठ, म्हणजे चौरस मीटरला ०.६ मीटर. एक बाय एकच्या तुकड्याला चौरस मीटरला ४ मीटर. काठ जास्त, तितकी आत ओढलेली कणसं जास्त. बेइमानी कुणाचीच नाही, हात फक्त आतल्या बाजूला झुकतो.

धागाकर्ता

वा, हे ठाऊक नव्हतं. नमुना कितीही वाढवा, प्रत्येक काठावर हात आतच झुकत असेल तर चूक भरून निघायची नाही. पावसासारखं कमीजास्त इथे आपसात जिरत नाही.

प्रतिसाद

मी शहरातला. मला ‘सरासरी दर दहा मिनिटांनी बस’ या पाटीचा राग आहे. दहा मिनिटांनी बस, तर सरासरी पाचच मिनिटं थांबायला हवं ना? मग माझ्याच नशिबी ताटकळणं का? शेवटी महिनाभर वहीत टिपून ठेवलं. बस दोन-दोनच्या जोडीने येतात.

धागाकर्ता

नशीब नाही, हिशोब आहे. समजा दोन बसमध्ये एकदा २ मिनिटांचं अंतर, एकदा १८ चं, असं आलटून पालटून. अंतराची सरासरी १०, पाटी खरी. पण तुम्ही थांब्यावर कधीही पोचलात, तर २० पैकी १८ वेळा त्या लांब अंतरातच सापडणार आणि तिथे सरासरी ९ मिनिटं थांबणार. उरलेल्या दोन वेळा १ मिनिट. एकूण ८.२ मिनिटं. आगाराची सरासरी बसगणिक काढलेली, तुमची माणसागणिक. मी म्हणतो तो घोळ हाच. मराठीत ‘गणिक’, ‘दर’, ‘माणशी’, ‘एकरी’, ‘घरटी’ असे नेमके शब्द असताना नुसतं ‘सरासरी’ लिहून मोकळं होतात.

प्रतिसाद

‘पूर्वी लोक तिशीतच मरायचे’ हेही त्यातलंच का? स्वातंत्र्याच्या सुमारास आपलं आयुर्मान ३२ च्या आसपास होतं म्हणतात. माझी पणजी तर ऐंशीपार गेली.

धागाकर्ता

त्यातलंच. निम्मे दोन वर्षांचे होऊन गेले आणि निम्मे ६२ चे, तर सरासरी ३२. बत्तिसाव्या वर्षी मेलेला त्यात एकही नाही. तान्ह्या मुलांचे मृत्यू आकडा खाली खेचत. पणजींनी बाळंतपणांतली किती मुलं हाती लागली हे कधी सांगितलं असेल, तर त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

प्रतिसाद

हो. नवातली चार.

प्रतिसाद

वर ‘एकरी’ आलंय म्हणून विचारतो. आमच्याकडे एकरी सरासरी कुणी म्हणत नाही, ‘उतारा किती पडला’ म्हणतात. कारखान्यात साखरेचा उतारा, तलाठ्याकडे सातबाऱ्याचा उतारा, देवऋष्याकडे तिसराच. हे सगळे एकाच उतरणीचे का? जाणकारांनी सांगावं.