उष्णतारोधक निवडताना आर, यू आणि लॅम्डा यांची तुलना कशी करावी?

प्रश्न
घराच्या बाहेरच्या भिंतींना आतून उष्णतारोधक थर लावायचा आहे. सुमारे ९० मि.मी. जाडीच्या दोन ग्लासवूल पट्ट्यांपैकी एकीवर ‘आर-१३’ आणि दुसरीवर ‘आर २.५’ असे छापले आहे, तर पीआयआर (एक प्रकारचे कठीण प्लास्टिक) फोमच्या फळीवर केवळ ‘लॅम्डा ०.०२२’ एवढेच आहे. एकाच जाडीच्या, एकाच पदार्थाच्या पट्ट्यांत पाचपट फरक कसा असू शकेल? आणि जितका जाड थर, तितका लाभ, हे बरोबर आहे का?

उत्तर १
फरक पदार्थाचा नसून एककांचा आहे. आर म्हणजे थराचा उष्णतेला होणारा रोध, तो जितका जास्त तितका चांगला. ‘आर-१३’ हा आकडा अमेरिकी पद्धतीचा आहे, त्याला ५.६७८ ने भागले की मेट्रिक मूल्य सुमारे २.२९ येते. म्हणजे आर २.५ ची पट्टीच थोडी सरस ठरते. लॅम्डा ही पदार्थाची उष्णतावाहकता असल्यामुळे ती जितकी कमी तितकी चांगली, पण जाडी कळल्याखेरीज तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. मीटरमधील जाडीला लॅम्डाने भागल्यास आर मूल्य मिळते, आणि त्या हिशेबाने ५० मि.मी. फळीचे आर २.२७ येते. खोलीतली जागा वाचवायची असेल, तर हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

उत्तर २
जाडीविषयी थोडे सविस्तर लिहितो. संपूर्ण भिंतीतून किती उष्णता जाते हे यू मूल्य सांगते, आणि सर्व थरांच्या व पृष्ठभागांच्या रोधांची बेरीज करून तिचा व्यस्त घेतला की ते मिळते. २३० मि.मी. विटांच्या साध्या भिंतीचे यू मूल्य २ च्या आसपास असते. तिला ०.०४ लॅम्डाचा ५० मि.मी. थर दिला की ते ०.५७ वर येते, १०० मि.मी. दिला तर ०.३३ आणि १५० मि.मी. दिला तर ०.२४. पहिल्या ५० मि.मी.ने जे साधते, त्याच्या जवळपासही पुढचे थर पोहोचत नाहीत.

उत्तर ३
वरील सर्व गणित थर अखंड आणि कोरडा आहे असे गृहीत धरते. जाड ग्लासवूल अरुंद पोकळीत दाबून बसवले, तर त्याचे एकूण आर मूल्य घटते. धातूची चौकट असेल, तर पोलादाची वाहकता ग्लासवूलच्या हजारपटीहून अधिक असल्याने उष्णता चौकटीतूनच वाट काढते, म्हणून एक अखंड थर चौकटीवरून न्यावा. थंड हवामानात आतून रोधन केल्यावर मूळ भिंत आणखी थंड पडते आणि खोलीतली वाफ तिच्यावर साचू शकते, म्हणून उबदार बाजूस बाष्परोधक पडदा हवा आणि त्याचे सांधे काटेकोरपणे बंद केलेले हवेत. आपली चौकट कशाची आहे?

प्रश्नकर्ता
धातूचीच आहे. त्यामुळे चौकटीच्या पोकळीत पट्ट्या भरण्याऐवजी ५० मि.मी. फळी तिच्यावरून अखंड लावण्याचे ठरवत आहे.