‘निळी रंगाची साडी’ का चुकतं? आणि ‘पिवळाधमक’मध्ये रेघ हवी का?

काठपदर:
माझी जाऊ येवल्याहून पैठण्या आणून ऑनलाइन विकते, मजकूर मी तपासते. दुकानातली मुलं लिहितात ते असं: ‘निळी रंगाची साडी, मोठे काठाची’, ‘नवी साड्या आल्या’, ‘पिवळा-धमक पदरावर मोर’, ‘कॉटन-ची’, ‘हात-मागावर विणलेली’. मी सुधारून देते, पण ‘का?’ विचारलं की ‘कानाला खटकतं’ यापुढे माझी गाडी जात नाही. शिवाय ‘डाळिंबी’ कधीच का बदलत नाही? आणि ‘हिरवी लुगडी’ की ‘हिरव्या लुगडी’? पत्रक छपाईला जायचंय, जरा लवकर सांगा.

जुना मुद्रितशोधक:
ताई, बदलतात ती आकारान्त, म्हणजे शेवटी ‘आ’ असलेली विशेषणं: निळा, मोठा, नवा. लाल, नवीन, डाळिंबी, आमसुली ही ढिम्म हलत नाहीत. (आकारान्त असून न हलणारं ‘जादा’ आहेच: जादा गाड्या, जादा पैसे.)

मुलं फसतात ती इथे. ‘निळा’ हे साडीचं नव्हे, रंगाचं विशेषण. रंगाला ‘ची’ लागली की निळाचं ‘निळ्या’ झालंच पाहिजे, पुढे साडी असो की शेला. तसंच ‘मोठ्या काठाची’. ‘नवी साड्या’ ही हिंदीची लागण. तिकडे ‘नई साड़ियाँ’ चालतं, आपल्याकडे ‘नव्या साड्या’. लुगडं पडलं नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन ‘हिरवी लुगडी’च.

पिवळाधमक, हिरवागार, पांढराशुभ्र हे सलग लिहा, रेघ नको. पण पोटातला ‘आ’ बदलत राहतो: पिवळाधमक पदर, पिवळीधमक साडी, पिवळ्याधमक पदरावर. शेपूट तसंच. लालभडकमध्ये लालच हलत नाही, तो प्रश्नच मिटला.

विदर्भवासी:
कॉटन इंग्रजी आहे ना? मग ‘कॉटन-ची’त काय बिघडलं?

जुना मुद्रितशोधक:
‘बस-मध्ये’, ‘टेबल-वर’ लिहिता का हो? देवनागरीत आला की तो आपला, प्रत्यय चिकटवायचा. हातमाग तर मुळातच एक शब्द. रेघ ठेवा ती ‘10-12 दिवसांत’, ‘पुणे-नाशिक’ अशा ठिकाणी. दोन वेगळे रंग असतील तिथेही: निळा-जांभळा काठ. मात्र ‘निळा-जांभळ्या काठाची’ नको, दोघांनाही वाकवा: निळ्या-जांभळ्या काठाची.

ओळखपाळख:
आणि ‘आईवडील’ की ‘आई-वडील’ यावर इथे भांडण नको. साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 चे 4 शुद्धलेखन-नियम मुख्यतः अनुस्वार नि ऱ्हस्वदीर्घाचे, त्यात याचा निकाल शोधू नका. एक काहीतरी ठरवा आणि पत्रकभर तेच ठेवा.

काठपदर:
सगळं मुलांना पाठवलं. एकाचं लगेच उत्तर आलं: ‘मग गुलाबीसर काठाला गुलाब्यासर का नाही?’

जुना मुद्रितशोधक:
गुलाबी ईकारान्त, बाळा. वर डाळिंबी वाच.