गद्दार म्हणा, पण मग हिशोब पुरता मांडा

लष्करकर:
काल एका पुणेकर मित्राची पोस्ट वाचली. ज्योतिरादित्य शिंद्यांनी २०२० मध्ये खुर्चीपायी काँग्रेस सोडली आणि ग्वाल्हेरचे लोक मुकाट बसले, कारण तिकडे अजून राजा-प्रजाच चालतं म्हणे. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं म्हणून इथे टाकतोय. अरे बाबा, त्या घराला पक्ष बदलणं नवीन आहे का? राजमातांनी, म्हणजे आजी विजयाराजेंनी, १९६७ मध्ये काँग्रेसचे ३६ आमदार फोडून मध्य प्रदेशातलं द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पाडलं. वडील माधवराव १९७१ला जनसंघाकडून निवडून आले आणि १९८४ला त्यांनीच काँग्रेसकडून इथे ग्वाल्हेरात अटलजींना पावणेदोन लाखांनी पाडलं. १९९६ला तिकीट मिळालं नाही तर वेगळा पक्ष काढून जिंकले, मग परत काँग्रेस. आणि मुकाट कोण बसलं? पूर्व ग्वाल्हेरात २०१८ला मुन्नालाल गोयल काँग्रेसकडून, सतीश सिकरवार भाजपकडून, गोयल आले. २०२०च्या पोटनिवडणुकीत उमेदवार तेच दोघे, फक्त पक्षांची अदलाबदल, आणि या खेपेला सिकरवार आले. म्हणजे दोन्ही वेळा लोकांनी पंजाच दाबला! माझ्या भावाचं फ्लेक्सचं दुकान आहे, त्याच्याकडे दोघांचे फोटो कापून तयारच होते, नुसता मागचा रंग बदलायचा होता. एका फ्लेक्सवर घाईत जुनं चिन्ह राहून गेलं, ते रात्री दोनला शिडी लावून उतरवलं.

गोरखीवाला:
इतिहास ठीक, पण मुद्दा खाल्लात. २०१८ला ग्वाल्हेर-चंबळच्या ३४ पैकी २६ जागा कुणाच्या तोंडाकडे बघून आल्या? आणि मुख्यमंत्री कोण तर कमलनाथ, प्रदेशाध्यक्ष पण तेच. महाराज, म्हणजे ज्योतिरादित्य, अतिथी (दर सत्राला तात्पुरते नेमलेल्या) शिक्षकांसाठी रस्त्यावर उतरेन म्हणाले तर कमलनाथ म्हणतात, उतरू देत. घरच्या गड्याला तरी कुणी असं बोलतं का? १० मार्चला होळी, त्यात माधवरावांची जयंती, त्या दिवशी राजीनामा दिला. मनाला लागल्याशिवाय कुणी असा दिवस धरत नाही.

मुरारची सून:
दादा, तुमच्या त्या अतिथी शिक्षकांतली मी एक. सरकार पडलं, दुसरं आलं, महाराज दिल्लीत मंत्री झाले आणि मी दर सत्राला तोच फॉर्म परत भरला. आठ वर्षं पाहुणीच. पाहुण्याला निदान चहा विचारतात! आणि ३ नोव्हेंबर २०२० विसरलात का? ऐन कोरोनात मतदानाला गेलो तर दारात कपाळावर ती तापाची बंदूक, मग उजव्या हातात घालायला प्लॅस्टिकचा एकच मोजा, बटण दाबताना बोट नुसतं घसरत होतं. बाहेर डबा भरून वाहत होता त्या मोज्यांनी, कापलेले हात पडल्यासारखे दिसत होते. सासूबाई म्हणाल्या, अगं दोन वर्षांपूर्वीच तर दिलं होतं ना मत, ते कुठे गेलं? काय सांगणार होते त्यांना?

सांवेरचा शेजारी:
इंदूरहून हात जोडून. हे मोजे घालायची वेळ का आली ते कुणी लिहीतच नाही. १९८५च्या कायद्यानं नुसतं पक्षांतर केलं की आमदारकी जाते. विलीनीकरण दाखवायचं तर ११४ पैकी दोन तृतीयांश म्हणजे ७६ आमदार लागले असते, शिंद्यांबरोबर होते २२. मग राजीनामेच द्यायचे, सदनाचा आकडाच खाली आणून सरकारचं बहुमत घालवायचं आणि दुसऱ्या चिन्हावर परत उभं राहायचं. मधे सहा महिने आमदार नसताना मंत्री राहता येतंच. शिंद्यांबरोबर गेलेल्या आमच्या सांवेरच्या तुलसी सिलावटांनी तेच केलं, ऑक्टोबरात मुदत संपली तेव्हा मंत्रिपद सोडलं, पोटनिवडणूक दणक्यात जिंकले. राजमातांच्या वेळी हा कायदाच नव्हता, त्यामुळे लष्करकर, ३६ आणि २२ एकाच पंगतीत बसवू नका.

कंपूवाले काका:
आधी शिंदे की सिंधिया ते ठरवा, मग गद्दार कोण ते बघू. कण्हेरखेडचे शिंदे. सातारा जिल्हा. सिंधिया कुठून आणलंत?

लष्करकर:
काका, ते स्वतः सिंधिया लिहितात. आणि मी वर शिंदेच लिहिलंय.

कंपूवाले काका:
लिहू देत की. इथला ऑटोवाला, ज्याच्या सात पिढ्यांत कुणी मराठी बोललं नाही, तो अजून 'शिंदे की छावनी, शिंदे की छावनी' ओरडतो. त्याला कळतं. आणि आपल्या घरात? नातू आरती मोबाईलवर बघून म्हणतो, 'सुखकर्ता'च्या पुढे गाडी अडते, मग नुसत्या टाळ्या. ज्या शाळेत मी बाराखडी शिकलो तिथे आता लग्नाचे मांडव पडतात. तुम्ही बसा पंजा आणि कमळ करत.

गोरखीवाला:
काका, नातवाला घरी मराठीत हाक मारता का? मागे भेटलो तेव्हा 'बेटा इधर आओ' चाललं होतं.

कंपूवाले काका:
सूनबाई भिंडच्या आहेत. तिच्यासमोर मराठी बोललो तर तिला वाटतं तिच्याबद्दलच बोलतोय. घरात राहायचंय मला.

मुरारची सून:
काका, मीही भिंडचीच. बाहेरून आलेल्या सुनांवर खापर फोडणं बंद करा. मी लग्नानंतर दीड वर्षात मराठी शिकले, हे सगळं मीच टाईप करतेय. तुमच्या सूनबाईला कुणी शिकवलं का? की 'तिला काय कळतंय' म्हणून तिच्यासमोरच हसायचे सगळे? आमच्याकडे हसायचे. पोळीला रोटी म्हटलं की अख्खं ताट हसायचं.

कंपूवाले काका:
हसलो असू. एकदोनदा.

सांवेरचा शेजारी:
सरकार कुणी पाडलं ते राहिलं बाजूला, सूनबाईपर्यंत आलो. होळकरांकडे असलं नाही बरं.

गोरखीवाला:
होळकरांकडे बोलूच नका. पण सिलावटांबद्दलचं मान्य, वाट आधीच ठरलेली होती, मनाला लागणं वगैरे त्यावरचा गुलाल असेल. तरी कमलनाथांनी ते बोलायला नको होतं, ह्यावर मी ठाम.

लष्करकर:
मनाला लागण्याचं म्हणाल तर के. पी. यादवांना विचारा. २०१९च्या लोकसभेला गुन्यात त्यांनी भाजपकडून ह्याच महाराजांना सव्वा लाखानं पाडलं, आणि २०२४ला भाजपनं त्यांचंच तिकीट कापून महाराजांना दिलं. महाराज पाच लाख चाळीस हजारांनी आले. तिकीट गेल्यावर यादवांनी पक्ष बदलला नाही, रस्त्यावर उतरले नाहीत, राजीनामा दिला नाही. म्हणून त्यांच्यावर कुणी पोस्टही टाकत नाही.

मुरारची सून:
आणि २०२२ला महापौर काँग्रेसची आली, ५७ वर्षांनी, ती पण सिकरवारांच्याच घरात. म्हणजे महाल गेला, दुसरा वाडा आला. लष्करकर, तुमचा तो पुणेकर अगदीच चुकला नव्हता हो.

लष्करकर:
अर्धा. अर्धाच बरोबर. त्याला कळवू नका.

गोरखीवाला:
भावाचे फ्लेक्सचे पैसे तरी आले का?

लष्करकर:
एकाचे आले. दुसरा म्हणाला, ती ऑर्डर मी आधीच्या पक्षात असताना दिली होती, तिकडे मागा. कोण ते लिहीत नाही.