प्रतिसाद: आधी राष्ट्र की आधी राज्य?

एक भाषा बोलणारे लोक एकत्र आले आणि राष्ट्र-राज्यं (एका राष्ट्राचं, म्हणजे एका लोकसमूहाचं, स्वतःचं राज्य) बनली, हे वर मांडलेलं म्हणणं अर्धंच पटलं. जर्मनीतसुद्धा एकीकरण करणाऱ्या बिस्मार्कने १८७१ ला ऑस्ट्रियातले जर्मन बोलणारे लोक बाहेरच ठेवले की! आणि ग्रीस-तुर्कस्तानचं बघा, १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरली तेव्हा निकष भाषा नव्हताच, धर्म होता, त्यामुळे अनातोलियातले (तुर्कस्तानच्या आशियाई भागातले) तुर्की बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन एकदम ग्रीक ठरले, क्रीट या ग्रीक बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्क ठरले, आणि दोघांनाही धड भाषा येत नसलेल्या 'मायदेशी' पाठवलं. दहा लाखांहून जास्त माणसं हलली. मुख्यतः इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान वगळले, तेही वाटाघाटीत जमलं म्हणून.