टोपीच्या रायफलीला ड्रम दिसला की ती 'बदललेली चकमक' कशी ठरते?

नळीवाला:
कालच्या चर्चेत एकांनी ठोकून दिलंय की १८५० च्या सुमाराची, अमेरिकेतल्या ओहायो घडणीची, अर्ध्या दस्त्याची (लाकूड नळीच्या अर्ध्यापर्यंतच), .३२ इंच भोकाची टोपीची (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या धातूच्या टोपीवर उडणारी) रायफल करायची तर ड्रम-निपल वर्ज्य (ड्रम म्हणजे नळीच्या बाजूला आट्यांनी बसवलेला पोकळ तुकडा, निपल म्हणजे त्यावरची टोपी बसवायची बोंडी), कारण ड्रम फक्त चकमकीवरून (गारेच्या ठिणगीवरून) टोपीवर बदललेल्या बंदुकांना असतो. हे साफ चूक आहे. जोशुआ शॉचं टोपीचं अमेरिकन पेटंट १८२२ चं. पुढच्या काळात गावोगावचे कारागीर मुळातूनच टोपीच्या रायफली करत होते आणि स्वस्त मालाला सर्रास ड्रम लावत होते. गोल्चर शिक्क्याचं तयार लॉक (घोडा नि स्प्रिंगांची यंत्रणा), बऱ्याचदा रेमिंग्टनची नळी; दस्ता आणि पितळकाम तेवढं आपलं. फरक लॉकपट्टीवर, म्हणजे लॉक ज्या धातूच्या पट्टीवर बसतं तिथे शोधा. बदललेल्या लॉकवर पॅनच्या (रंजक ठेवायच्या वाटीच्या) नि फ्रिझन (गार आपटायची पोलादी पट्टी) स्प्रिंगच्या स्क्रूची बुजवलेली भोकं सापडतात. मुळातल्या टोपीच्या लॉकवर ती नसतात.

पेटंटब्रीच:
जुनं होतं म्हणून आज तेच करायचं? ड्रम नळीच्या बाजूला लटकतो, घोड्याचा प्रत्येक ठोका त्याच्या आट्यांवर बसतो. खाली लॉकपट्टीच्या खाचेचा टेकू नसेल, कागदाएवढी जरी फट राहिली, तरी ड्रम हळूहळू कलतो, घोडा तिरका पडतो आणि टोपीच्या चिंध्या तोंडावर उडतात. भोक ब्रीच प्लगच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बुचाच्या) आट्यांत घुसलं तर प्लगला खाच पाडावी लागते. तिथे काजळी साचते, गंज धरतो.

नळीवाला:
हे सगळे बसवणाऱ्याचे दोष आहेत, ड्रमचे नाहीत. भोक प्लगच्या तोंडाच्या पुढे घ्या, खाच काजळी लावून कानशीने जुळवा. टेकूचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मान्य.

तोळामासा:
ड्रमवरून डोकी फोडताय, खरी चूक नळीत होते! जो तो १३/१६ इंची सरळ अष्टकोनी नळी मागवतो. ४२ इंच लांबीत .४० ला ती साधारण ५ पौंड भरते आणि .३२ ला साडेपाच. भोक लहान, म्हणजे लोखंड जास्त. एवढा साधा हिशेब कुणी करत नाही. ३/४ इंची घ्या, ४.६ पौंडांत काम होतं. वाचलेला पौंड सगळा पुढच्या हातावरचा आहे.

पेटंटब्रीच:
जड नळ्या जुन्या काळीही होत्या. ४५ ग्रेनची (जेमतेम तीन ग्रॅमची) गोळी खारीच्या डोक्यावर टेकवायची तर नळी स्थिर हवी. शिवाय ३/४ इंचीत .३२ ची भिंत उरते .२१५ इंच. ५/१६-२४ चा (५/१६ इंच व्यास, इंचाला २४ आटे) ड्रम तिथे जेमतेम पाच आटे धरेल. ड्रमवाल्यांनी तरी ही नळी सुचवू नये.

तोळामासा:
मग १३/१६ च्या .४० ची भिंत मोजा: .२०६. तिला ड्रम बसवताना कुणाची तक्रार नसते. आकडे फेकायचे तर दोन्ही बाजूंचे फेका.

पेटंटब्रीच:
ठीक, भिंतीचा मुद्दा मागे घेतो. वजनाचा नाही.

हिकरी:
गजाबद्दल (गोळी ठासायच्या नि नळी पुसायच्या काठीबद्दल) एकही बोलत नाही. ५/१६ चा गज म्हणजे .३१२५; .३२ च्या नळीत सगळी मिळून साडेसात हजारांश इंच मोकळीक. पुसायची चिंधी गुंडाळली की तो अडकणारच. अख्खा १/४ चा केला तर मोडू शकतो. म्हणून वरचं टोक, जे पुढच्या पाइपात दिसतं, ते जाड ठेवा आणि बाकीचा गज निमुळता उतरवत न्या. लाकूड करवतीने कापलेलं नको, फोडून काढलेलं हवं; तिरक्या रेषा गेलेला गज दाबताना मोडतो आणि सळईसारखा तळहातात घुसतो. लहान भोक पटकन घाण धरतं, म्हणजे गज वारंवार आत जाणार. कोकणातली ठासणीची टोपीची बंदूक बघून अंदाज बांधू नका, ती आतून गुळगुळीत.

नळीवाला:
गज पूर्ण मान्य. आणि मेहेरबानी करून ती बाटलीतली थंड निळाई (न तापवता फासायचं निळं रसायन) नळीला फासू नका. हळू गंज चढवून, दर थराला घासून आणलेला तपकिरी रंग त्या काळाला शोभतो. थंड निळाईच्या नळीवर ड्रम काय, स्नेल (ब्रीचलाच घडवलेली निपलची गोल बैठक) लावला तरी रायफल १८५० ची दिसणार नाही.

तोळामासा:
रंग नंतर बघू. आधी ३/४ इंचीची ऑर्डर द्या.